थर्टी फर्स्ट, व्हाया जालना

‘थर्टी फर्स्टला काय प्लॅन?’ डिसेंबर उजाडला की हा प्रश्न सगळीकडून अंगावर येतो. माझं उत्तर पाच वर्षं ठरलेलं होतं. पुणे, आपली गँग, कुणाची तरी गच्ची आणि पहाटे बिर्याणी! गेल्या वर्षी मात्र मी नाताळच्या आधीच गुपचूप जालन्याची बस पकडली. कारण सिंपल होतं. नोव्हेंबरमध्ये माझी नोकरी गेली होती.

घरी हे सांगायची हिंमत नव्हती. ‘वर्क फ्रॉम होम आहे,’ अशी थाप मारून मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचो. मम्मी बिचारी चहा आणि करंज्या आणून ठेवायची आणि मीटिंग चालू असेल म्हणून दबक्या पावलांनी परत जायची. जाम गिल्टी वाटायचं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे थर्टी फर्स्ट म्हणजे रात्रीची उपासना. सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानायचे, चुका कबूल करायच्या आणि बाराच्या ठोक्याला प्रार्थनेत असायचं. ही प्रथा जगभर आहे. ३१ डिसेंबर १८६२ची रात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी अशीच चर्चमध्ये जागून काढली होती. दुसऱ्या दिवशी लिंकन यांचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता!

त्या रात्री पाळकसाहेब बेथेलवर बोलले. जालन्याजवळच्या या गावाचं नाव मी हजारदा ऐकलंय, पण त्यामागची गोष्ट कधी मनावर घेतली नव्हती. बायबलमधला याकोब भावाला फसवून घरातून पळतो. रात्री उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला आकाशाला भिडलेली शिडी दिसते आणि देव सोबतीचं वचन देतो. सकाळी तो त्या जागेला नाव देतो बेथेल, म्हणजे देवाचं घर.

म्हणजे देव भेटला तो शहाण्यासारखं वागल्यावर नव्हे, तर पळ काढल्यावर? मी सावरून बसलो.

हे नाव इथे आणलं रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी. ते १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्या काळी ब्राह्मण तरुणासाठी याचा अर्थ घर आणि जात, दोन्ही तुटणं. धाकटा भाऊ श्रीपतही त्यांच्या वाटेवर होता, पण तो अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पुढे शेषाद्री निजामाच्या राज्यात, जालन्याला आले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसवलं. तिथे आले ते मुख्यतः मांग आणि महार. ज्यांना गावकुसाच्या आत जागा नव्हती, त्यांच्या गावाचं नाव देवाचं घर!

मग साक्ष द्यायची वेळ आली. कुणी बोअरला पाणी लागल्याचं सांगितलं, कुणी ऑपरेशन पार पडल्याचं. आणि कसं कोण जाणे, मी उभा राहिलो. ‘माझी नोकरी गेलीय. दीड महिना मी घरी खोटं बोलतोय.’ एवढंच बोललो आणि मटकन खाली बसलो.

पप्पा काही बोलले नाहीत, नुसता पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘आम्हाला नाताळातच कळलं होतं. अरे, मीटिंगमधला माणूस कधीतरी तोंड उघडतो!’

निघताना प्रत्येकाने ताटातून वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलली. माझ्या हाती यशयाचा ४३वा अध्याय आला. अरण्यात वाट आणि ओसाड जमिनीत नद्या देणाऱ्या देवाविषयीचं वचन. बाबेलच्या बंदिवासातल्या थकल्या लोकांना दिलेला हा धीर. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभं राहिलेल्या जालनेकराला तो वेगळा समजवावा लागत नाही.

नवी नोकरी लागायला मार्च उजाडला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण १ जानेवारीला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली आणि २ तारखेला सीव्ही पाठवायला सुरुवात केली. या वेळी पप्पा शेजारी बसून स्पेलिंग तपासत होते.

तेव्हा मंडळी, जिम आणि डाएटच्या जोडीला या वर्षी लिस्टमध्ये आणखी एक गोष्ट टाका. जे लपवताय, ते घरच्या एका तरी माणसाला सांगून टाका. बहुतेक त्याला आधीच कळलेलं असेल.

हॅपी न्यू इयर!