मालमोटारीचे ब्रेक आणि आंस : कांहीं रूढ शब्द

घाटांतील किंवा उतारावरील एखाद्या भीषण अपघाताची वार्ता आपण वाचतों, तेव्हां तिच्यांत एक वाक्य बहुधा ठरलेलें असतें : ‘मालमोटारीचे ब्रेक निकामी झाल्यामुळें चालकाचा ताबा सुटला.’ तेवढें वाचून आपण हळहळतों आणि पान उलटतों. जणूं कांहीं आकाशांतून वीजच कोसळली! परंतु ब्रेक हें यंत्र आहे, आणि यंत्र विनाकारण निकामी होत नाहीं. तें कां निकामी झालें, असा प्रश्न विचारावयाचा तर त्याच्या भागांचीं नांवें व कामें ठाऊक असावयास हवींत. तीं आज थोडक्यांत सांगावयाचा विचार आहे.

प्रथम आंसाकडे वळूं. बैलगाडीचा आंस आपल्या परिचयाचा आहे. त्याच्या टोकांवर चाकाचा तुंबा फिरतो आणि गाडीचें ओझें आंस वाहतो. साध्या मालमोटारीचा पुढचा आंस याच जातीचा. इंजिनाची शक्ति त्याच्याकडे जात नाहीं. भार पेलणें व चाकें वळूं देणें एवढेंच त्याचें काम. मागच्या आंसाची गोष्ट निराळी. त्याचें बाहेरचें पोकळ कवच म्हणजे ‘हाउसिंग’. त्याच्या मध्यभागीं जो मोठा फुगवटा दिसतो, त्याच्या पोटांत ‘डिफरन्शियल’ नांवाची दंतचक्रांची जुळणी असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. दोन्ही चाकें एकाच गतीनें फिरविलीं तर टायर घासून निघतील. म्हणून ही योजना. तेथून दोहों बाजूंच्या चाकांकडे जे दांडे जातात, ते ‘ॲक्सल शाफ्ट’. अवजड गाड्यांत हे दांडे चाक फिरवितात, पण भार वाहत नाहींत. भार कवचावर असतो. अशा रचनेस ‘फुल फ्लोटिंग’ म्हणतात. दांडा मोडला तर चाक न काढतां तो बाहेर ओढून काढतां येतो, हा तिचा मोठा लाभ.

मागच्या एका आंसावर दोहों बाजूंस दोन-दोन चाकें असतात. म्हणून ती गाडी सहाचाकी. तसे दोन आंस जवळजवळ बसविले कीं ती दहाचाकी, आणि त्या जोडीचें नांव ‘टँडेम’. रिकाम्या गाडीचीं कांहीं चाकें जमिनीपासून अधांतरीं उचललेलीं आपण पाहिलीं असतील. तो ‘लिफ्ट ॲक्सल’, म्हणजे उचलता आंस. माल भरला कीं तो खालीं उतरवून भाराचा वांटेकरी करावयाचा असतो.

हा हिशेब केवळ गाडीच्या सोयीचा नाहीं. चार टायरांच्या एका आंसावर किती भार असावा, याची मर्यादा भारतांत २०१८ सालीं १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यांत आली. टँडेमची १९ वरून २१ टनांवर. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत रस्त्यांची जी मोठी चाचणी झाली, तिच्यावरून असें दिसलें कीं आंसावरील भार दुप्पट केल्यास रस्त्याची हानि दुपटीनें नव्हे, सुमारें सोळा पटींनीं वाढते. जादा भाराची झळ ब्रेकला बसते ती याहून वेगळी. तिच्याकडे आतां येऊं.

घरगुती मोटारींत पायाचा दाब तेलाच्या नळ्यांतून चाकापर्यंत जातो. अवजड मालमोटारींत तें काम हवा करते. इंजिनावर चालणारा ‘कॉम्प्रेसर’ टाक्यांत हवा कोंबून ठेवतो. चालकानें पाय दाबला कीं ती हवा चाकाजवळच्या ‘ब्रेक चेंबर’ नांवाच्या डबींत शिरते व आंतला पडदा पुढें ढकलते. पडद्याचें क्षेत्र ३० चौरस इंच आणि हवेचा दाब दर चौरस इंचास १०० पौंड धरला, तर ३,००० पौंडांचा, म्हणजे सुमारें १,३६० किलोंचा रेटा मिळतो. हा रेटा एका तरफेवर पडतो. तिचें नांव ‘स्लॅक ॲडजस्टर’. तरफेमुळें इंग्रजी एस् अक्षराच्या आकाराचा ‘कॅम’ फिरतो, तो दोन ‘शू’ फांकवितो, आणि त्यांवर बसविलेले ‘लायनर’ फिरत्या ‘ड्रम’च्या आंतल्या बाजूस घट्ट भिडतात. हवेला हा सारा प्रवास करण्यास सुमारें अर्धा सेकंद लागतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें धांवणारी गाडी तेवढ्यांत ११ मीटर पुढें गेलेली असते.

मग हवाच गळून गेली तर? त्यासाठीं मागच्या चाकांच्या डब्यांत एक दणकट ‘स्प्रिंग’ दाबून ठेवलेली असते. हवा आहे तोंवर ती दबलेली राहते. हवा संपत आली कीं सुटते आणि ब्रेक आपोआप लावते. मालमोटार उभी करतांना हीच उपयोगी पडते. तेव्हां हवा गेली म्हणजे ब्रेक सुटले, हा सार्वत्रिक समज अपुरा आहे.

खरा शत्रु उष्णता. २८ टनांची गाडी १०० मीटर उंचीवरून खालीं उतरते, तेव्हां जी शक्ति जिरवावी लागते, तिनें सुमारें ८० लिटर साधें पाणी उकळूं लागेल. एकट्या ब्रेकवर गाडी सोडली तर त्यांतील बहुतेक उष्णता ड्रम व लायनर यांतच साठते. तापलेल्या लायनरची पकड कमी होते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो. तरफेंतील ढिलाई आधींच काढलेली नसेल तर पडदा आपली मर्यादा गांठतो आणि रेटा वायां जातो. स्प्रिंगही त्याच तरफेवर रेटा देत असल्यानें अशा वेळीं तिचाही फारसा आधार उरत नाहीं. भार जितका अधिक, तितकी ही वेळ लवकर येते.

यावर उपाय ठाऊक आहे. उतार लागण्यापूर्वीं खालचा गिअर घालावयाचा आणि इंजिनालाच गाडी आवरूं द्यावयाची. धुराची वाट अडवून इंजिनाचा हा विरोध वाढविणाऱ्या योजनेस ‘एक्झॉस्ट ब्रेक’ म्हणतात. उलट, डिझेल वांचविण्यासाठीं गाडी ‘न्यूट्रल’ करून सोडली तर हा सोबती निघून जातो. इंजिनच बंद केलें तर कॉम्प्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं पुण्यांत नवले पुलानजीक उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनानें कित्येक मोटारींना धडका दिल्या. तो लांब उतार पाहिला म्हणजे या शब्दांचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

आपल्यापैकीं बहुतेकांना मालमोटार कधींच चालवावयाची नाहीं. परंतु तिच्या पुढें-मागें आपल्या घरचीं माणसें रोज जात असतात. म्हणून उतारावर तिच्या पुढ्यांत एकाएकीं घुसूं नये; तो अर्धा सेकंद तिचा असतो, आपला नव्हे. आणि पुढच्या वेळीं ‘ब्रेक निकामी’ हे शब्द वाचण्यांत आले, तर निदान इतकें विचारावें : लायनर कधीं बदलले होते? ढिलाई कोणी तपासली होती? आंसावर भार किती होता? गाडी गिअरमध्यें होती काय? हीं उत्तरें मागणारे वाचक वाढले, तर तीं देण्याची जबाबदारी मालकाला, चालकाला आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला सहजीं टाळतां येणार नाहीं.