बाथरूमचे डाग आणि ॲसिडचा फंडा

फ्लॅटचं पझेशन मिळतं, वास्तुशांत होते, पाहुणे हॉलमधल्या फॉल्स सीलिंगचं तोंडभरून कौतुक करतात. मग कुणीतरी विचारतं, ‘बाथरूम कुठंय?’ झालं! नळाखालचे पांढरे ओघळ, बेसिनच्या कडेनं फासलेलं सिलिकॉन... सगळा पोपट!

यावर आपल्याकडे एकच रामबाण उपाय, ॲसिडची बाटली. ती आणायची आणि कामवाल्या मावशींच्या हातात द्यायची. ना ग्लोव्हज, ना मास्क. बाथरूम चकाचक आपलं, खोकला मावशींना! माझं म्हणणं एवढंच की बाटली उघडण्याआधी डाग नेमका कसला आहे, ते बघा. बऱ्याचदा ॲसिडची गरजच नसते.

आधी डाग ओळखा

पांढरे, खरखरीत डाग म्हणजे बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात टिश्यू भिजवून डागावर चिकटवा. अर्ध्या तासानं नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. घरात मार्बल, कोटा किंवा शहाबादी फरशी असेल तर मात्र व्हिनेगर अजिबात नको. दगडाची चकाकी जाते.

चिकट, राखाडी थर असेल तर तो साबणाचा. त्याला गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि खायचा सोडा पुरतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फेस झकास येतो, पण दोघंही एकमेकांचा जोर संपवतात. मामला फुस्स!

सिलिकॉनचा हट्ट

मी फ्रीलान्सर, त्यामुळे दिवसभर घरीच. सोसायटीत कुणाकडे टाइल्सचं काम निघालं की मी मिस्त्रीकाकांना गाठते. त्यांचा मंत्र सोपा आहे, ‘सिलिकॉन विरघळवायचं नाही, कापायचं.’ अगदी खरं! वाळलेल्या सिलिकॉनवर पाणी, साबण, व्हिनेगर यांचा काही परिणाम होत नाही. टाइल साबणाच्या पाण्यानं ओली करा, ब्लेड जवळजवळ आडवं धरा आणि हळूहळू थर उचला. उरलेला चिकटपणा टर्पेंटाइन लावलेल्या फडक्यानं पुसा. त्या वेळी खिडकी उघडी हवी आणि गीझरची ज्योत बंद. मॅट टाइल असेल तर ब्लेडऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

आणि हो, जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. जुनं पूर्ण काढा, जागा कोरडी होऊ द्या, मगच नवं भरा.

हे कॉकटेल नकोच!

ॲसिड टाइल्समधले सिमेंटचे सांधे खातं. सांधे गेले की पाणी आत मुरतं आणि खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन दारात उभे! त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली ईप्रच्या लढाईत शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. काळ्या बुरशीसाठी ब्लीच वापरायचंच असेल, तर त्या दिवशी दुसरं काहीही नको, व्हिनेगरसुद्धा नको.

तेव्हा या वीकेंडला ग्लोव्हज घाला, एक्झॉस्ट फॅन लावा आणि स्वतःच कामाला लागा. मावशींना म्हणावं, आज बाथरूमला सुट्टी!