मद्रासला सापडलेला ‘आशिया’

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान लाखो लहानमोठे खडक सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांना आपण लघुग्रह म्हणतो. त्यांतला पहिला, सीरीस, पियाझी याने सिसिलीत 1 जानेवारी 1801 रोजी पाहिला. पण काही आठवड्यांतच तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. गाउस या तरुण गणितज्ञाने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढून दिली, तेव्हा कुठे वर्षअखेरीस तो पुन्हा हाती लागला.

असाच एक ग्रह आपल्या देशातही सापडला. नॉर्मन पॉगसन 1861 साली मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, वेधशाळेत आला आणि 17 एप्रिललाच त्याने नवा लघुग्रह टिपला. छायाचित्रांची सोय तेव्हा नव्हती. आकाशाच्या एका तुकड्याचा नकाशा घ्यायचा आणि दुर्बिणीतली एकेक चांदणी त्याच्याशी ताडून पाहायची. नकाशात नसलेला ठिपका आढळला, की पुढच्या रात्री पुन्हा पाहायचा. शेजारच्या ताऱ्यांतून तो सरकला असेल, तर तो तारा नव्हे!

आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह; म्हणून नाव ठेवले ‘आशिया’. ग्रीक पुराणांत या नावाची एक देवताही आहे. त्याचा अनुक्रमांक 67.

याचा व्यास सुमारे 60 किलोमीटर. धाराशिवहून सोलापूर जवळपास तेवढेच लांब. कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो सूर्यापासून कधी साडेएकोणतीस कोटी, तर कधी त्रेचाळीस कोटी किलोमीटरवर असतो. एका प्रदक्षिणेला पावणेचार वर्षे लागतात. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

हे सांगितले, की वर्गात कोणीतरी विचारतेच, “सर, हा कोणत्या राशीला बाधतो?” मी म्हणतो, बाबा, पावणेचार वर्षांत तो बाराही राशी हिंडून येतो, 1861 पूर्वीही हिंडतच होता, आणि कोणाच्याही पत्रिकेत त्याला घर नव्हते. त्याच्या शोधाच्या आदल्याच वर्षी केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली होती. ग्रह कुठे असेल ते गणिताने सांगावे आणि दुर्बिणीने पडताळावे, ही विद्या आपल्या भाषेला तेव्हापासून ठाऊक आहे. ती मुलांच्या हाती द्यायची, की भीतीच द्यायची, एवढे आपण ठरवायचे.