बाहेरून आलेले प्रश्न

अमेरिकेतल्या व्यसनविषयक संशोधनाची साठ वर्षं चाळली तर दिसतं, की त्याला वळण देणारे प्रश्न अनेकदा दुसऱ्याच शाखेतल्या डॉक्टरांना पडले. १९१९ च्या न्यायालयीन निकालानंतर व्यसनी माणसाला अमली औषध लिहून देणं कायद्यात बसेना. बहुतेक डॉक्टरांनी या रुग्णांकडे पाठच फिरवली. १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेरॉइनच्या रुग्णांना मेथाडोन देऊन पाहणारे व्हिन्सेंट डोल मुळात चयापचयाचे अभ्यासक. मानसोपचारतज्ज्ञ मारी निसवांडर आणि तरुण फिजिशियन मेरी जीन क्रीक त्यांच्या सोबतीला होत्या. त्यांचा १९६५ चा निबंध अवघ्या २२ रुग्णांवरचा. पण हेरॉइनची ओढ हा स्वभावदोष नसून शरीराच्या रसायनातला बिघाड असेल, ही शंका चयापचयवाल्याला यावी हे साहजिकच. पुढे याच उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. ते इमर्जन्सी विभागातच सुरू केलं तर काय होतं, याचं उत्तर येल विद्यापीठाच्या गेल डोनोफ्रिओ यांच्या ३२९ रुग्णांच्या चाचणीतून मिळालं, तेही २०१५ मध्ये. महिन्याभरानंतर तिथेच औषध सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के उपचारांत टिकून होते; नुसती चिठ्ठी देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के. डोनोफ्रिओ इमर्जन्सी विभागातल्याच.

२०१६ पासून व्यसनवैद्यक ही मान्यताप्राप्त उपशाखा आहे, मग हे काम तिच्यातल्या डॉक्टरांवरच सोपवावं, असं कुणी म्हणेल. पण अमली औषध टोचून घेणाऱ्या माणसाच्या हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला की तो हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, आणि चाचणीत कुणाला घ्यायचं नाही हे त्या त्या शाखेचा संशोधकच ठरवतो. हिपॅटायटिस सी च्या नव्या गोळ्यांसाठी अनेक राज्यांच्या सरकारी विम्याने आधी व्यसन सोडण्याची अट घातली होती. २०१८ च्या ‘सिम्प्लिफाय’ चाचणीत टोचून घेणाऱ्यांनाच सामील केलं, तेव्हा ९४ टक्के बरे झाले.

मग इतर शाखांतल्या संशोधकांना व्यसनाविषयी प्रशिक्षण द्यावं म्हटलं, तर डोल यांना ते कुणी दिलं होतं, असाही प्रश्न येईल. नव्हतं दिलं. पण २०२२ या एका वर्षात अमेरिकेत एक लाखाहून अधिक माणसं अमली औषधांच्या अतिमात्रेने दगावली. असा एखादा डोल निपजण्याची वाट किती बघायची? इतर शाखांत विशेषज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरांना, म्हणजे फेलोंना, व्यसनविषयक संशोधन शिकवणारं बोस्टन विद्यापीठातलं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण म्हणूनच पटतं. थोड्या दिवसांत संशोधक घडत नाही, हे खरं. शिकणाऱ्यांचं ज्ञान आणि आत्मविश्वास वाढला एवढ्यावरून रुग्णांचं भलं सिद्ध होत नाही, हा आक्षेप तर मला वजनदार वाटतो. मोजायचंच असेल तर या फेलोंनी पुढे आखलेल्या चाचण्यांतून व्यसनी रुग्णांना वगळणारं कलम गेलं का, हे मोजावं.