गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी : दोष पेट्रोलचा की ठिणगीचा?

आजचा भाग जुन्या गाड्यांच्या इग्निशनवर. विलायती एमजीबी स्पोर्ट्स कार घ्या नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, ठिणगी पाडायची जुनी पद्धत दोन्हीकडं एकच: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर. आता एमजीबी आपल्या अहमदपुरात कुठं दिसणार? म्हणून पद्मिनीवरच बोलू. माझ्या काकांकडं एक आहे, 1089 सीसीची.

तिचं दुखणं असं. सकाळी एका सेल्फमध्ये चालू. लोह्याच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात दोन-चार आचके आणि बंद. बॉनेट उघडून तासभर थांबलं की परत चालू! गॅरेजला पोचेपर्यंत ती थंड झालेली असायची, मग तिथं सगळं ठीकच दिसायचं. ऊन फार आहे, पेट्रोलची वाफ होतेय, असं म्हणून कार्बोरेटर दोनदा उघडला, पंप बदलला. फरक शून्य. काका भंगारवाल्याशी भाव बोलायला लागले होते.

माझं म्हणणं एवढंच होतं, की बग दिसतोय तेव्हाच लॉग बघायचा. म्हणजे गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, ठिणगी तपासायची. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी मधली जाड वायर कॅपमधून काढा. रबरी मुठीच्या पकडीनं तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून 5-6 मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटरपासून लांब, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका. ठिणगी जाड, निळी, कडकड वाजणारी असेल तर कॉइल-कंडेन्सर ठीक. मग रोटर, कॅप आणि प्लग बघा. तिथंही ठिणगी असेल तर पेट्रोलकडं वळा. बारीक पिवळी असेल किंवा नसेलच, तर घोळ अलीकडं आहे.

आमची पिवळी होती. कॅप काढून बघितलं तर पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणग्या उडत होत्या.

असं का होतं? पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या एका गुंडाळीतून बॅटरीचा करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. सगळी गंमत त्या ‘एकदम’मध्ये आहे. पॉइंट उघडताना करंटला क्षणभर सामावून घेतो तो कंडेन्सर. तो नसेल तर करंट उघडत्या पॉइंटमधूनच उडी मारतो, रेंगाळत तुटतो, आणि प्लगला जोर उरत नाही. 3000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात हे सेकंदाला 100 वेळा चालतं. कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन तापून गळायला लागलं की गाडी मेली. थंड झालं की परत शहाण्यासारखं वागतं.

आम्ही फक्त कंडेन्सर बदलला, बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही. गाडी भर उन्हात नांदेडला जाऊन आली. त्यानंतर जळके पॉइंट बदलून फिलर गेजनं गॅप लावली.

कंडेन्सर बदलूनही तेच झालं असतं तर पुढचा संशय कॉइलवर. तीही गरम असतानाच तपासायची. आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून बसू नका. पॉइंट मिटलेले राहिले तर 3 ओहमच्या कॉइलमधून 4 अँपिअर सतत वाहतात, म्हणजे जवळपास 48 वॉटचा हीटरच. एक जास्तीचा कंडेन्सर डिकीत टाकून ठेवा. मात्र आधी तो गाडीला लावून, गरम करून बघा, कारण नवे कंडेन्सरही कधी कधी खराब निघतात.