शहापूर-मुरबाडचा शेतमाल : व्यापारी बांधवांनी काटा सरळ धरावा

पावसाची पहिली सर पडली की शहापूर-मुरबाडच्या रस्त्याकडेला आदिवासी भगिनी पाट्या घेऊन बसतात. शेवळं, त्याची खाज मारण्यासाठी लागणारी काकडं, टाकळा, कुर्डू, फोडशी, पुढे कर्टुली. हीच भाजी कल्याण-ठाण्याच्या स्टेशनाबाहेर पोहोचली की तिचा भाव बदलतो. या दोन भावांमधल्या अंतरात कोणाची रोजी किती हलाल आहे, हा प्रश्न आम्ही आज व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

शहापूर व मुरबाड हे भाताचे तालुके. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल आणि हरभरा, अशी इथली जुनी घडी आहे. मुंबईची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे तलाव शहापूर तालुक्यात आहेत. पण याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे शेती मुख्यतः पावसावर. त्यातच जमिनीचे भाव चढले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही शहापुरातूनच जातो. शेत विकले की एकदाच पैसा येतो. पण त्या शेतावर चालणारी गिरणी, गाडी, दुकान आणि लोहाराचा भाताही थंड पडतो, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

शेती टिकावी म्हणून या भागात प्रयत्न होत आहेत. मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटनेने आदिवासींच्या वनहक्काच्या कामाबरोबर रानभाज्यांची ओळख आणि जतन यांवरही भर दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क गावाला दिला आहे. शहापुरात कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून विकण्याचा धंदा उभा केला. वनधन योजनेतून त्यांना साहाय्य मिळाले आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांपर्यंत त्यांचा माल गेला. कालपर्यंत जो समाज मजुरीसाठी वीटभट्टीवर जात होता, त्याने स्वतःचा काटा हाती घेतला. ही गोष्ट आपल्याला खटकू नये, उलट आपण तिच्यापासून धडा घ्यावा.

भाताच्या लागवडीतही बदल होत आहे. चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घालतात, खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडतात, दोरी लावून १५ व २५ सेंटिमीटर अंतराने लावणी करतात आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोचतात. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात. मजूर न मिळणाऱ्या शेतकऱ्याला हे सोयीचे आहे. मात्र त्यात तणनाशकाचा वापर होतो, म्हणून ज्याला पूर्ण सेंद्रिय माल हवा त्याने आधी चौकशी करावी.

आता कारागीर बांधवांनी पाहावे. हा लोखंडी साचा कोण बनवणार? वेल्डिंगचे दुकान चालवणारा आपला भाऊ एक नमुना पाहून तो बनवू शकतो. कोयते, विळे, चाळण्या यांची मागणी शेती टिकली तरच टिकेल. गिरणीवाल्यांकडे तुसाचे ढीग पडतात. त्याची राख शेतकऱ्याला हवी आहे. हलर गिरणीत तांदूळ तुटतो व कोंडा जातो. रबरी रोलरच्या यंत्रावर नुसते तूस निघते आणि बिनपॉलिशचा तांदूळ मिळतो. शहरात मधुमेही गिऱ्हाईक तो मागून घेते.

व्यापाऱ्यांसाठी मात्र गोष्ट थोडी कडू आहे. या भागात पालेमोडीची रीत जुनी. पावसाळ्यात घरात दाणा नसला की शेतकरी उचल घेतो आणि सुगीत पडेल त्या भावाने भात देऊन ती फेडतो. आदिवासींना या फासातून सोडवण्यासाठी राज्याने १९७६ मध्ये कायदा केला. भाताची खरेदी आदिवासी विकास महामंडळही करते. तरीही गरजवंताच्या अडचणीवर नफा कमावणारे सर्व समाजांत आहेत, आपल्यातही आहेत. ते नाकारण्यात अर्थ नाही.

इस्लामने आगाऊ व्यवहाराला सरसकट बंदी केलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक खजुरासाठी आगाऊ रक्कम देत असत. त्यांनी माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, अशी अट घातली. यालाच फिकहमध्ये सलम म्हणतात. माल कोणता, प्रत कोणती, किती क्विंटल, केव्हा व कुठे द्यायचा हे आधी ठरवायचे आणि पूर्ण किंमत रोख मोजायची. पालेमोडीत यातले काहीच ठरलेले नसते. तसेच, फळ धरून ते वापरण्यायोग्य होण्याआधी विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे. मोहोर पाहून आंब्याची झाडे घेणाऱ्यांनी हा मसला आलिमांना जरूर विचारावा. मापात मारणाऱ्यांना तर कुरआनात एका संपूर्ण सूरहच्या नावानेच ताकीद आहे, ती सूरह मुतफ्फिफीन.

दुसरी अमानत नावाची. शहापूरला लागून असलेल्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसराच तांदूळ त्या नावाने विकणे म्हणजे शेतकरी आणि गिऱ्हाईक दोघांनाही फसवणे होय.

आमच्या सूचना साध्या आहेत. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आणि नाचणीचा ४,८८६ रुपये जाहीर झाला. असा जाहीर भाव दुकानात फळ्यावर लिहावा, म्हणजे अडाणी माणसालाही तो विचारता येईल. काटा दरवर्षी तपासून घ्यावा. उचल द्यायची तर चार ओळींचा कागद करावा, त्यावर दोन साक्षीदार घ्यावेत. दोन-तीन व्यापाऱ्यांनी मिळून हातसडीचा किंवा बिनपॉलिशचा तांदूळ, वाल, नाचणी भिवंडी-कल्याणच्या आपल्याच वस्त्यांत थेट न्यावी. रमजानमध्ये वाटल्या जाणाऱ्या रेशनच्या पिशवीत परप्रांतीय तांदळाऐवजी शेजारच्या शेतकऱ्याचा तांदूळ घातला, तर सदका एकाला पोहोचेल आणि रोजी दुसऱ्याला.

शेतकरी उभा राहिला तर बाजार उभा राहील, आणि बाजार उभा राहिला तरच आपले दुकान. नफा थोडा कमी दिसेल. पण सरळ काट्यात बरकत आहे, यावर आमचा विश्वास आहे. येत्या सुगीला याची सुरुवात आपापल्या दुकानापासून करू या, इन्शा अल्लाह.