न खेळण्याची मुभा नाही

फारुकी घराण्याची पहिली राजधानी आजच्या धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेरास होती. पुढे ती बऱ्हाणपुरास गेली, आणि अकबराची फौज खानदेशावर चालून आली तेव्हा त्या घराण्याचा अखेरचा सुलतान बहादूरखान असीरगडाच्या आश्रयास जाऊन बसला. गडावर रोगराई होती खरी, परंतु तट अभेद्य होता, आणि अशा स्थितीत जागचे न हलणे हेच वेढ्यात सापडलेल्याचे मुख्य बळ असते. १६०० च्या अखेरीस वाटाघाटींसाठी तो गडाखाली उतरला, तेथेच नजरकैदेत पडला, आणि १६०१ च्या जानेवारीत गडही मोगलांच्या हवाली झाला. न उतरता तो कितपत टिकला असता हा वाद इतिहासकारांनी करावा. न उतरण्याची मुभा मात्र त्याला होती.

बुद्धिबळाच्या पटावर ही मुभा राजालाही नाही. पाळी आली की खेळी केलीच पाहिजे; त्यामुळे मांडणी सर्वस्वी निर्दोष असूनही, केवळ काहीतरी हलवावे लागते म्हणून ती आपल्याच हातांनी मोडण्याचा प्रसंग येतो. या नाइलाजाच्या अवस्थेस जगभरचे खेळाडू 'त्सुगत्स्वांग' म्हणतात.

पट घेऊन तीनच मोहरी मांडावीत: पांढरा राजा ई-६ वर, पांढरे प्यादे डी-७ वर आणि काळा राजा त्या प्याद्याची वाट अडवून डी-८ वर. पाळी काळ्याची असेल तर त्याला सी-७ हे एकच घर मोकळे आहे. तो तेथे जाताच पांढरा राजा ई-७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होणे कोणाला टाळता येत नाही. आता तीच मांडणी ठेवून पाळी पांढऱ्याला द्यावी. प्यादे राखायचे तर त्याच्या राजाला डी-६ वरच जावे लागते, आणि मग काळ्याला शह नसतानाही हलण्यास घर उरत नाही. नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो. एकही मोहरे इकडचे तिकडे झालेले नाही, बदलली ती फक्त पाळी, आणि विजयाची बरोबरी झाली! या खेळाचे इतके निखळ सौंदर्य मला दुसरीकडे क्वचितच आढळते. हत्ती आणि राजा मिळून एकट्या राजावर मात करतात तीही याच सक्तीच्या बळावर. त्या राजाला स्वस्थ बसता आले असते तर मात झालीच नसती.

असे प्रसंग बहुधा डावाच्या अखेरीस, मोहरी विरळ झाल्यावर येतात. परंतु १९२३ साली कोपनहेगन येथे निम्झोविचने सेमिशविरुद्ध पंचविसाव्या खेळीस हत्तीच्या बाजूचे एक प्यादे केवळ एक घर पुढे सरकवले, आणि पट मोहऱ्यांनी भरलेला असताना सेमिशने हार मान्य केली. कारण निरुपद्रवी अशी खेळी त्याच्यापाशी फार काळ उरणार नव्हती. म्हणूनच मुरलेला खेळाडू एखाददुसऱ्या प्याद्याची खेळी, कारकुनाने शिल्लक जपावी तशी, अखेरपर्यंत राखून ठेवतो.

२०२५ च्या ऑगस्टात जळगावच्या जैन हिल्सवर अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली. या वयाच्या मुलांना प्रारंभीच्या खेळ्या पाठ करवून घेण्याची आज फार घाई दिसते. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांनी त्याआधी वरची तीन मोहरी मुलांपुढे ठेवावीत, पाळी आलटून पालटून द्यावी आणि उत्तर त्यांचे त्यांना शोधू द्यावे.